दोन शहरें आणि एक बिऱ्हाड

माणसानें कोणत्या गांवीं राहावें, हें ठरविण्याचा अधिकार आमच्या वडील पिढ्यांस फारसा कधीं मिळालाच नाहीं. शेतवाडी असेल तेथें राहावें, ती सुटली तर नोकरी नेईल तेथें जावें, आणि नोकरी संपली म्हणजे पुन्हां वाड्याच्या ओसरीवर येऊन बसावें, असा सरळ हिशेब होता. बदलीचा हुकूम लखोट्यांतून येई. त्यांत गांवाचें नांव लिहिलेलें असे. तें वाचून घरांतील पुरुष टपालाचा कागद घडी घालून ठेवी आणि बायका ट्रंका भरूं लागत. निवड करण्याचें सुख नव्हतें हें खरें. पण निवड चुकल्याचें दुःखही नव्हतें. आम्हां उभयतांच्या वांट्याला मात्र २०२४ सालच्या आरंभीं तें सुख आणि त्या दुःखाचें भय अशीं दोन्हीं एकदमच आलीं. टोरांटोंत राहावें कीं कॅलगरीस जावें, असा तो प्रश्न होता. तो सोडवितांना आमच्या हातून एक चूक होत होती. ती कोणती, आणि ती आम्हांस कोणीं दाखवून दिली, याची हकीकत वाचकांपुढें ठेवीत आहोंत. ज्यांचीं मुलें-सुना, लेकी-जांवई आज परदेशीं आहेत, अशा घरांतून ती कदाचित् उपयोगी पडेल.

प्रथम 'आम्ही' म्हणजे कोण, तें सांगितलें पाहिजे. आम्ही दोघेंही संगणकावर काम करून पोट भरणारीं. आमच्यांतील गृहस्थ दुसऱ्यांनीं रचलेलें सॉफ्टवेअर तपासून त्यांतील दोष हुडकून काढतात. आमच्यांतील गृहिणी रुग्णालयांच्या नोंदी नीट जुळवून ठेवणारें सॉफ्टवेअर रचते. लेखणी दोघांपैकीं कोणाच्या हातीं आहे, हें वाचकांनीं विचारूं नये; कारण हा लेख एकानें लिहिला, दुसऱ्यानें खोडला आणि पहिल्यानें पुन्हां लिहिला, असा तयार झाला आहे.

कॅनडाच्या सरकारनें २०१५ च्या जानेवारीपासून 'एक्स्प्रेस एंट्री' नांवाची एक पद्धति सुरू केली. तींत उमेदवाराचें वय, शिक्षण, भाषा आणि अनुभव यांस गुण दिले जातात. वयाचे पुरे गुण विसाव्यापासून एकोणतिसाव्या वर्षापर्यंतच मिळतात. पुढें ते उतरत जाऊन पंचेचाळिशीला शून्य होतात. पतिपत्नी मिळून अर्ज करीत असतील, तर दोघांपैकीं एकास 'मुख्य अर्जदार' व्हावें लागतें. आम्हीं अर्ज केला तेव्हां एकूण गुण १,२०० असून त्यांत जोडीदाराच्या स्वतःच्या गुणवत्तेसाठीं अधिकांत अधिक ४० ठेवलेले होते. आमच्या अर्जांत मुख्य अर्जदार गृहिणी होती. ती वयानें दोन वर्षांनीं लहान, आणि इंग्रजीच्या परीक्षेंत तिचे गुण अधिक. एवढेंच त्याचें कारण. गृहस्थ चाळिसांच्या आंतबाहेर गुणांचे धनी होऊन, एक वर्षाची मुलगी कडेवर घेऊन, २०१९ च्या उन्हाळ्यांत तिच्यामागून टोरांटोच्या विमानतळावर उतरले. या गोष्टीची आम्हीं त्या वेळीं पुष्कळ थट्टा केली, आणि मग ती साफ विसरून गेलों. पुढच्या साऱ्या घोटाळ्याचें मूळ त्या विसरण्यांतच होतें.

टोरांटोंत गृहस्थांस तीन महिन्यांत नोकरी लागली. गृहिणीस चवदा महिने लागले. 'कॅनडांतील अनुभव आहे काय?' या एकाच प्रश्नापाशीं तिचें पुण्यांतील आठ वर्षांचें काम प्रत्येक वेळीं अडून राही. आणि त्या चवदांपैकीं सात महिने तिनें एका किराणा दुकानाच्या गल्ल्यावर उभें राहून काढले. २०२० च्या अखेरीस तिला हवें होतें तें काम मिळालें. पुढें शहराच्या उत्तर भागांत एका उंच इमारतीच्या एकोणिसाव्या मजल्यावर आम्हीं दोन खोल्यांचें बिऱ्हाड थाटलें. तेथून खिडकीबाहेर पाहिलें म्हणजे स्वच्छ दिवशीं ५५३ मीटर उंचीचा सी. एन. टॉवर दूर दक्षिणेस सुईसारखा दिसे. खालीं १९५४ सालीं सुरू झालेली भुयारी आगगाडी. तिनें गृहिणी सुमारें अर्ध्या तासांत कचेरीस पोंचे. सामान ठेवायला जागा नव्हती, आणि मुलीची सायकल न्हाणीघरांत उभी असे; तरी तक्रारीला फारसें कारण नव्हतें.

२०२३ च्या ऑक्टोबरांत गृहस्थांची नोकरी गेली. त्या वर्षीं संगणकाच्या धंद्यांत पुष्कळांच्या गेल्या; एका सकाळीं दहा मिनिटांच्या बैठकींत चाळीस माणसें मोकळीं झालीं, त्यांत तेही होते. पगारांतून आजवर कापून घेतलेल्या बेकारीच्या विम्यांतून आठवड्यास ६५० डॉलर मिळूं लागले. त्या वर्षीं तीच कमाल मर्यादा होती. आमचें घरभाडें महिना २,६०० डॉलर. आयकर वजा जातां विम्याच्या रकमेंत भाडेंही पुरतें निघत नसे. उरलेला सर्व संसार, म्हणजे वाणसामान, वीज, मुलीचा दुपारचा सांभाळ आणि साताऱ्यास घरीं पाठवावयाचे पैसे, गृहिणीच्या पगारावर चालला. हें येथें मुद्दाम लिहितों, कारण त्या दिवसांत आम्हीं तें एकमेकांजवळ एकदांही बोलून दाखविलें नाहीं.

२०२४ च्या फेब्रुवारींत गृहस्थांस कॅलगरीहून बोलावणें आलें. हुद्दा वरचा, पगार पूर्वीपेक्षां अधिक, आणि उत्तर देण्यास दहा दिवसांची मुदत. कॅनडाच्या १९८२ च्या हक्कांच्या सनदेंतील सहाव्या कलमानें कायम रहिवाशांसही हव्या त्या प्रांतांत जाऊन राहण्याची आणि पोट भरण्याची मोकळीक दिलेली आहे. सरकारची परवानगी लागणार नव्हती. एकमेकांची मात्र लागणार होती. कॅलगरी टोरांटोपासून विमानाच्या वाटेनें सुमारें २,७०० किलोमीटर, म्हणजे कन्याकुमारीहून श्रीनगरास जावें तेवढें जवळजवळ. घड्याळ दोन तास मागें. न पाहिलेल्या गांवीं बिऱ्हाड नेऊं नये, असा विचार करून आम्ही मुलीसह चार दिवस तें शहर पाहून आलों.

शहर पाहून मन प्रसन्न झालें, हें प्रामाणिकपणें सांगितलें पाहिजे. समुद्रसपाटीपासून एक हजार मीटरांहून अधिक उंचीवरचें तें मोकळें पठार. पश्चिमेस रॉकी पर्वताच्या बर्फाच्या रांगा. मधून बो नदी अर्धी गोठलेली, अर्धी वाहती. टोरांटोच्या हिंवाळ्यांत आठवडेच्या आठवडे आकाशावर राखाडी घोंगडी पसरलेली असते. येथें उणें अठरा अंशांच्या थंडींतही सूर्य लख्ख. गांवाच्या मध्यभागीं इमारतीइमारतींच्या मध्यें सुमारें पंधरा फूट उंचीवरून कांचेचे बंद पूल टाकलेले आहेत. १९७० पासून ते वाढत आले असून थंडीच्या दिवसांत माणसें रस्त्यावर न उतरतां त्यांवरून कामाला जातात. तिसऱ्या दिवशीं सकाळीं पश्चिमेकडे ढगांची एक प्रचंड कमान उभी राहिली आणि दुपारपर्यंत छपरांवरून पागोळ्या गळूं लागल्या. या वाऱ्यास तेथें 'चिनूक' म्हणतात. पॅसिफिक महासागरावरून आलेले ओले वारे रॉकीच्या पश्चिम उतारावर आपलें पाणी टाकून देतात, आणि कोरडे होऊन पूर्वेकडे उतरतांना दाबले जाऊन तापतात. हजार मीटर उतरलें म्हणजे उष्णता सुमारें दहा अंशांनीं वाढते. साताऱ्याच्या शाळेंत महाबळेश्वरचा पाऊस आणि माण-खटावचा दुष्काळ यांचें कारण आमच्यांतील एकानें पाठ केलें होतें. तोच पाठ पृथ्वीच्या दुसऱ्या बाजूस इतक्या मोठ्या अक्षरांत लिहिलेला पाहून गंमत वाटली.

आम्ही उतरलों होतों तें एका मराठी कुटुंबाकडे. दुमजली घर, खालीं तळघर, मागें अंगण, स्वयंपाकघरांत सकाळचें ऊन. आमची मुलगी जिन्यावरून चार दिवस नुसती चढउतर करीत होती. तिनें घरांतला जिना कधीं पाहिलाच नव्हता. त्या घरच्या बाई पुण्यास स्थापत्याच्या अभियंत्या होत्या. येथें येऊन त्यांस दोन वर्षें झालीं होतीं. कामाविषयीं विचारतां 'लागेल आतां, शोधतेंय,' असें म्हणून त्यांनीं पोळीवर तूप वाढलें. आम्हीं पुढें विचारलें नाहीं.

परत आल्यावर वहीचें मधलें पान काढून त्यावर दोन रकाने आंखले आणि सोळा कलमें लिहिलीं. वाचकांस त्यांतील कांहीं सांगतों. विक्रीकर : टोरांटो ज्या ऑंटेरिओ प्रांतांत आहे तेथें शेंकडा १३, कॅलगरी ज्या आल्बर्टा प्रांतांत आहे तेथें प्रांताचा विक्रीकरच नाहीं, मध्यवर्ती सरकारचा तेवढा शेंकडा ५. घर : टोरांटोंत घर विकत घेणाऱ्यास प्रांताचा एक आणि शहराचा एक, असे दोन हस्तांतर-कर द्यावे लागतात. सहा लाख डॉलरांच्या घरावर ते मिळून १६,९५० डॉलर होतात; पहिल्याच घराला सूट मिळून त्यांतले निम्मे वांचतात. आल्बर्टांत असा कर नाहीं, केवळ नोंदणीचा खर्च. शिवाय टोरांटोंत ज्या किंमतींत दोन खोल्या येतात त्या किंमतींत तेथें जिन्याचें घर येतें. वडीलधारीं माणसें : त्यांच्यासाठीं असलेल्या 'सुपर व्हिसा'वर २०२२ पासून एका खेपेस पांच वर्षें राहतां येतें, मात्र निदान एक लाख डॉलरांचा आजारपणाचा विमा आपल्या पदरचा हवा; ही अट दोन्हीं शहरांस सारखी, पण त्यांस निजावयास खोली कॅलगरीसच मिळणार. ऊन : कॅलगरी. थंडी : टोरांटो. घरीं फोन : टोरांटोंत हिंवाळ्यांत सकाळचे दहा म्हणजे साताऱ्यास रात्रींचे साडेआठ, जेवणें आटोपलेलीं, कॅलगरीस त्याच वेळीं सकाळचे आठ, म्हणजे कामाच्या दिवशीं धांवपळ, सबब टोरांटो.

नोकऱ्यांच्या विपुलतेचें कलमही टोरांटोकडे गेलें. देशांतील मोठ्या पांचही बँकांचा कारभार त्या शहरांतून चालतो. रुग्णालयें, विद्यापीठें, विमाकंपन्या यांची गणतीच नाहीं. कॅलगरीचा मुख्य आधार खनिज तेल. २०१४ च्या मध्यापासून तेलाचे भाव कोसळले तेव्हां तेथील उंच इमारतींतून मजलेच्या मजले ओस पडले, आणि २०२१ सालीं त्या रिकाम्या कचेऱ्यांचीं राहतीं घरें करण्यासाठीं महानगरपालिकेनें अनुदान देऊं केलें. आमच्या वाचकांस समजेल अशा भाषेंत सांगावयाचें, तर टोरांटो म्हणजे भाऊबंदांनीं भरलेला जुना वाडा. निजावयास जागा अपुरी, नळावर गर्दी. पण एकाची चूल विझली तर दुसऱ्याच्या चुलीवर भात असतोच. कॅलगरी म्हणजे स्वतंत्र बिऱ्हाड. हवेशीर, उजेडाचें, आपल्या मनासारखें. मात्र छप्पर एकाच खांबावर.

बेरीज केली. कॅलगरी दहा, टोरांटो पांच, आणि एक कलम कोणाकडेच नाहीं. दहास पांच म्हणजे वाद उरलाच नव्हता. तरी वडील माणसांच्या कानावर घातल्यावांचून कांहीं करूं नये, या संवयीनें आम्हीं रविवारीं साताऱ्यास फोन लावला. आमच्या तिकडच्या घरीं अजून एकत्र कुटुंब आहे. फोन आला म्हणजे चहाच्या ताटलीभोवतीं जमावीं तशीं सर्व माणसें त्या लहानशा पडद्याभोवतीं जमतात. थोरले काका बँकेंतून निवृत्त झालेले. त्यांनीं आमचीं कलमें वाचून घेतलीं, विक्रीकराच्या कलमापाशीं समाधानानें मान हलविली आणि निकाल दिला, 'पगार जास्त, कर कमी. यांत विचारायचं काय?' धाकट्या काकूंनीं तेथें गणपति बसतो काय, असें विचारलें; बसतो म्हणतांच त्यांचेंही मत कॅलगरीस मिळालें.

आजी पलंगावर बसून ऐकत होत्या. त्या आमच्यांतील गृहस्थांच्या आजी, आणि म्हणून आमच्यांतील गृहिणीच्या आजेसासूबाई. वय शहाऐंशी. आजोबा टपाल खात्यांत होते; त्यांच्यामागें त्यांनीं तीस वर्षांत अकरा गांवें केलीं.

'काळगिरी ना रे?' त्या म्हणाल्या. 'म्हणजे हें आपल्या घरचं बारावं बिऱ्हाड. बरं, आणि हिच्या कामाचं काय?'

'तिचं पुढें पाहूं, आजी,' आमच्यांतून उत्तर गेलें.

आजी क्षणभर बोलल्या नाहींत. मग, जणूं दुसरीच कांहीं गोष्ट आठवावी तशा, सांगूं लागल्या.

'मी बार्शीला असतांना शाळेंत शिकवत होतें, ठाऊक आहे का तुम्हांला? त्रेसष्ट सालीं. मॅट्रिक झाले होतें ना. शेजारच्या मुलींच्या शाळेंतल्या मोठ्या बाई घरीं आल्या आणि बालवर्गावर घेऊन गेल्या मला. पंचेचाळीस रुपये महिना. सासूबाई नाहीं म्हणतील असं वाटलं होतं, पण त्या कांहीं बोलल्या नाहींत. सात महिने शिकवलं. मग यांची बदली मिरजेला. बाई म्हणाल्या, तिथल्या शाळेंत माझी ओळख आहे, पत्र देतें, जाऊन भेटा. मी म्हटलं, आधीं बिऱ्हाड लागूं दे, पुढें पाहूं. बार्शी लाईटच्या डब्यांत ट्रंकेवर बसून मिरज गांठलं. तें पुढें कांहीं आलं नाहीं.'

थोरल्या काकांस ही गोष्ट ठाऊक नव्हती. ते त्यांचे मुलगे. धाकट्या काकूंसही नव्हती. आमच्या स्वयंपाकघरांत फळीवर एक पितळी डबा आहे. त्याला सर्वजण 'बार्शीचा डबा' म्हणतात. 'बार्शीचा डबा उतरव,' 'बार्शीच्या डब्यांत लाडू ठेव,' असें म्हणत तीन पिढ्या वाढल्या; पण त्याला बार्शीचा कां म्हणतात, हें कोणीं कधीं विचारलें नव्हतें.

'शेवटच्या पगाराचा घेतला होता,' आजी म्हणाल्या. 'त्या अकरा गांवांत मला कुणी विचारलं असतं, बाई, तुला कुठं राहायचंय, तर मी बार्शी म्हटलं असतं. उन्हाळ्यांत पाणी नसायचं, तरी बार्शीच म्हटलं असतं. तुमचं चांगलं आहे रे, तुमच्यांत विचारतात.'

फोन बंद झाल्यावर आम्हीं तें वहीचें पान पुन्हां काढलें. ज्या एका कलमास कोणताच रकाना मिळाला नव्हता, तें नववें. त्यापुढें लिहिलें होतें, 'हिची नोकरी : पुढें पाहूं.' अक्षर गृहिणीचें होतें.

आमच्यांत विचारतात, असें आजी म्हणाल्या होत्या. कोणीं कोणाला विचारलें होतें? गृहस्थांनीं विचारलें नव्हतें, हा दोष त्यांचा. पण गृहिणीनेंही स्वतःला विचारलें नव्हतें. पांच महिने ज्या पगारावर घर चाललें, तो पगार तिनें आपल्याच हातानें दोन शब्दांत पुढें ढकलला होता. सरकारच्या कागदावर जी मुख्य अर्जदार होती, ती घरच्या कागदावर चाळीस गुणांचीही राहिली नव्हती. कोणीं जुलूम केला असता तर त्याच्याशीं भांडतां आलें असतें. येथें जुलूम करणारें कोणी नव्हतें. हात आपल्या वळणानें लिहून गेला होता. बदलीचा लखोटा येण्याचे दिवस संपले, तरी ट्रंक भरण्याची संवय गेलेली नव्हती.

त्या रात्रीं आम्ही भांडलों. गृहस्थांचेंही म्हणणें होतेंच. पांच महिने सकाळीं मुलीस शाळेंत पोंचवून रिकाम्या घरीं परत येणें, पंचाहत्तर अर्ज करून त्यांपैकीं साठांचें उत्तरही न येणें, आणि साताऱ्याहून फोन आला म्हणजे आवाजांत उसनी उमेद आणणें, हें सोसणाऱ्यासच कळतें. आणि इतक्या दिवसांनीं एक दार उघडलें, तें हातानें लावून घ्यावयाचें काय, असा त्यांचा प्रश्न होता. तो खोटा नव्हता. गृहिणीचें म्हणणें असें, कीं चवदा महिने, त्यांतले सात गल्ल्यावर, तिनें एकदां भोगले आहेत. पुन्हां तेंच भोगण्यास ती तयार आहे, पण तें न मोजतां भोगण्यास तयार नाहीं.

मोजणें, हा शब्द कामास आला. दुसऱ्या दिवशीं आम्हीं नववें कलम आंकड्यांत मांडलें. तिच्या कचेरीनें २०२३ पासून आठवड्यांतून तीन दिवस हजर राहण्याचा नियम केला होता. दुसऱ्या प्रांतांतून काम करूं द्याल काय, असें तिनें विचारून पाहिलें, त्यास स्पष्ट नकार मिळाला. म्हणजे कॅलगरीस गेल्यास तिची नोकरी सुटणार, आणि नवी लागण्यास मागच्याइतका नाहीं तरी निम्मा काळ जाणार असें धरून चाललें पाहिजे. तेवढ्या महिन्यांचा तिचा पगार एका बाजूस ठेवला, आणि दुसऱ्या बाजूस गृहस्थांच्या पगाराची वाढ, विक्रीकरांतील बचत, हस्तांतर-करांतील बचत अशा सर्व रकमा रचल्या. दुसरी बाजू भरून यावयास तीन वर्षांहून अधिक लागत होतीं. थोरल्या काकांनीं केलेली बेरीज चुकलेली नव्हती. एक रक्कमच आम्हीं त्यांच्यापुढें मांडलेली नव्हती. शिवाय त्या तीन वर्षांत छप्पर एकाच खांबावर राहणार होतें, आणि एक खांब निसटला म्हणजे काय होतें हें आम्ही ऑक्टोबरापासून पाहतच होतों. दुसरा खांब होता म्हणून घर उभें राहिलें; तोच काढून नवें घर बांधावयाचें, हें शहाणपणाचें नव्हे. कांहीं काळ एकानें तिकडे आणि एकानें इकडे राहावें, हाही विचार करून पाहिला; पण सहा वर्षांच्या मुलीस आठवड्यांतून एकदां पडद्यावर बाप दाखवावयाचा, तर सातासमुद्रांपलीकडे संसार मांडला तरी कशासाठीं?

नवव्या दिवशीं कॅलगरीस नकार कळविला. पत्र गृहस्थांनीं लिहिलें आणि गृहिणीनें वाचलें. पाठविल्यावर दोघेंही बराच वेळ कांहीं बोललों नाहीं.

त्याची किंमत पडली नाहीं, असें आम्ही म्हणणार नाहीं. गृहस्थांस टोरांटोंत काम लागावयास जून उजाडला, आणि तें कॅलगरीच्या मानानें वर्षास बारा हजार डॉलर कमी पगाराचें. एकोणिसावा मजला अजून सुटलेला नाहीं. साताऱ्याचें कोणी आलें म्हणजे मुलीचें अंथरूण आमच्या खोलींत येतें. फेब्रुवारींत राखाडी आकाश पाहून आम्हांपैकीं एकास कॅलगरीच्या स्वयंपाकघरांतलें ऊन आठवतें, आणि तो तें बोलत नाहीं, पण दुसरीस कळतें. उद्यां तिची कचेरीही दहा मिनिटांची बैठक बोलावणार नाहीं, याची हमी कोण देईल?

तेव्हां टोरांटो चांगलें आणि कॅलगरी वाईट, असा अर्थ कृपा करून कोणीं काढूं नये. नव्यानेंच येणाऱ्या, अजून दोघांचींही मुळें कोठेंच न रुजलेल्या जोडप्यानें आम्हांस विचारलें, तर आम्ही त्यांस कॅलगरी अवश्य पाहून या म्हणूं. जिन्याचें घर आणि तें ऊन कोणासही हवेंसें वाटेल. परंतु एकाचें मूळ जेथें धरलेलें आहे तेथून उपटतांना तें मूळ किती खोल गेलें आहे, हें आधीं पाहावें. आणि वडील माणसांस एवढीच विनंति, कीं मुलाचा फोन आला आणि नव्या गांवाची गोष्ट निघाली, म्हणजे पगार, कर आणि गणपति यांच्याबरोबर आजींचाही प्रश्न विचारावा. सुनेच्या किंवा लेकीच्या कामाचें काय, असें तिकडून कोणीं विचारलें, तर इकडे 'पुढें पाहूं' लिहिणारा हात क्षणभर थांबतो. लेकीच्या गांवीं नोकरी म्हणून जांवयास आपलें काम सोडावें लागणार असेल, तर तोच प्रश्न त्याच्याविषयींही विचारावा.

२०२४ च्या डिसेंबरांत आम्ही साताऱ्यास जाऊन आलों. बार्शीचा डबा फळीवर होता. गृहिणीनें तो खालीं काढून चिंचेनें लख्ख घांसला, आणि आजींस सहज म्हणाली, 'आजी, हा मी टोरांटोला नेऊं का?'

'नको बाई,' आजी म्हणाल्या, 'माझ्या शंकरपाळ्या असतात त्यांत. तूं तुझ्या पगाराचा घे.'